साठ हजार हातात आहेत, तर पहिला पैसा बॅकअपला

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शाहूपुरीत तळमजल्यावर राहणारं कुटुंब. घरात २०१७ साली घेतलेला लॅपटॉप: सातव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी सुरू केला की चहा होऊन जातो तरी तो कामाला लागत नाही. पत्नी दोन-तीन दुकानांचे हिशेब घरून टॅलीवर लिहितात, मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, वडील निवृत्त शिक्षक असून मराठीत नियमित लिहितात. दुकानदार म्हणतो, विंडोज १० संपलं, नवा घ्या. हाताशी साठ हजार रुपये आहेत. शिवाय अँटीव्हायरस, प्रिंटर आणि कुठली सॉफ्टवेअर टाकावीत, हेही विचारलंय.

माझं स्पष्ट मत: साठ हजारांचा लॅपटॉप आज घेऊ नका. आणि जुन्याला हात लावण्याआधी एक हजार जीबीची बाहेरची डिस्क विकत आणा. का, ते नीट सांगतो, कारण हिशेबांची कामं घरात चालतात म्हणजे त्या मशीनवर फक्त तुमची नाही, दुसऱ्यांचीही माहिती आहे.

आधी मशीन मंद का झालंय ते बघू. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसेल आणि त्याच वेळी वाचन-लेखनाचा वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी. लोक इथेच गोंधळतात. डिस्क शंभर टक्के कामात आहे आणि काम तर काहीच होत नाही, हे कसं? लॅपटॉपची हार्ड डिस्क साधारण मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवा तो तुकडा वाचायला हेड त्या जागी जायला हवं आणि तबकडी फिरून तो तुकडा हेडखाली यायला हवा. दोन्ही मिळून पंधरा मिलिसेकंदांच्या आसपास जातात. विंडोज सुरू होताना एक मोठी फाइल सलग वाचत नाही, हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलतं. सेकंदाला साठ-सत्तर तुकडे; प्रत्येक तुकडा चार केबीचाच असला तर पाव एमबी, थोडे मोठे असले तर एक-दोन एमबी. प्रोसेसर त्या वेळात नुसता वाट बघत बसलेला असतो. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, त्यामुळे असे बारीक तुकडे ती सेकंदाला हजारोंनी देते. म्हणून तुमच्या लॅपटॉपला ५०० जीबीची साटा एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी) आणि रॅम ८ किंवा जमल्यास १६ जीबी, एवढं केलं तर तो प्रोसेसर तुम्हाला लिहिण्या-वाचण्याच्या कामाला अजून चांगली काही वर्षं पुरेल.

इथे दुकानात एनव्हीएमई या जास्त वेगवान एसएसडीचा आग्रह होईल. तिचा वेग सेकंदाला ३५०० एमबी आणि साटाचा ५५० एमबी हे आकडे खरे आहेत, पण ते मोठी फाइल सलग वाचतानाचे. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. टॅली, ब्राउझर आणि वर्डला दोन्हींतला फरक हाताला जाणवत नाही. तुमच्या मॉडेलला ती बसते का, हाही प्रश्न आहेच. किमान तीन वर्षांची वॉरंटी असलेली, नाव माहीत असलेल्या कंपनीची साटा एसएसडी घ्या आणि विषय संपवा.

आता बॅकअप. जुन्या हार्ड डिस्कमधून चुकून फाइल डिलीट झाली तर ती बऱ्याच वेळा परत काढता यायची. फाइल पुसली जात नव्हती, फक्त ती जागा मोकळी आहे अशी नोंद व्हायची. एसएसडीत ट्रिम नावाची सोय असते. विंडोज डिस्कला सांगतं की हे तुकडे आता नकोत, आणि डिस्क ते सवडीने खरोखरच रिकामे करते. वेग टिकून राहतो तो त्यामुळेच. पण फाइल गेली की गेली. त्यावर विंडोज ११ ची भर. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की बहुतेक वेळा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, आपोआप सुरू होतं. लॅपटॉप चोरीला गेला तर तुमची माहिती कुणी वाचू शकत नाही, ही फार चांगली गोष्ट आहे. पण मदरबोर्ड जळाला आणि ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसली, तर डिस्क धडधाकट असूनही आतलं काही निघत नाही. दुकानात आलेल्या माणसाला हे समजावून सांगणं मला आजही जड जातं. त्याच्या डिस्कमध्ये लग्नाचे, बारशाचे फोटो असतात, आणि डिस्क समोर टेबलावर ठणठणीत चालू असते. मशीन जितकं नवं, तितकं हरवलेलं परत मिळणं अवघड. म्हणून एसएसडी बसवायच्या आधी बॅकअप, नंतर नाही.

बॅकअपचा प्रचलित नियम तीन प्रती, दोन प्रकारची साधनं आणि एक प्रत घराबाहेर, असा आहे. कोल्हापुरात मी त्यात एक शब्द बदलतो: एक प्रत पूररेषेबाहेर. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही शाहूपुरीत राहून बघितलाय. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका. इशारा मिळाल्यावर माणूस गॅस सिलिंडर, धान्य आणि कागदपत्रं वर हलवतो, सीपीयू आणि कपाटातली डिस्क मागे राहते. तुमची बॅकअप डिस्क त्याच तळमजल्यावरच्या कपाटात असेल तर पुरापुरता तो बॅकअप नाहीच. राजारामपुरीत किंवा उंचावरच्या भागात बहीण, साडू, कुणीही राहत असेल, तर दुसरी डिस्क त्यांच्याकडे ठेवा आणि महिन्याला एकदा अदलाबदल करा. मजकुराच्या आणि हिशेबाच्या फाइली लहान असतात, त्या गूगल ड्राइव्हच्या मोफत १५ जीबीत आरामात मावतात.

टॅलीबद्दल एक सावधगिरी. टॅलीचा चालू डेटा फोल्डरच उचलून ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका. टॅली त्या फाइलींत लिहीत असतानाच ड्राइव्ह त्या वर पाठवू बघतो आणि डेटा बिघडू शकतो. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेन्यूतून बॅकअप घ्या, तारखेच्या नावाचं फोल्डर करा आणि ती बॅकअपची फाइल ड्राइव्हवर टाका. महिन्यातून एकदा तोच बॅकअप वेगळ्या जागी रिस्टोअर करून उघडून बघा. रिस्टोअर करून न बघितलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

पुरात हार्ड डिस्क भिजलीच तर तिला वीज देऊ नका. हेअर ड्रायर नको, उन्हात वाळवणं नको, तांदळात ठेवणं नको. साध्या हार्ड डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं, त्यावर झाकू नये असं लिहिलेलंही असतं. पुराचं पाणी त्यातून आत जातं ते गाळ घेऊन. वाळल्यावर तो गाळ तबकडीवर बसतो आणि डिस्क चालू केली की हेड त्यावर घासत फिरतं. ओलसर असतानाच पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीच्या लॅबला पाठवलेल्या डिस्कला आशा असते, घरी तीन वेळा चालू करून बघितलेलीला फारच कमी.

बॅकअपला पेनड्राइव्ह वापरणार असाल तर एक गोष्ट. रस्त्यावर किंवा ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह मिळतो, तो खोटा असतो. आत ३२ किंवा ६४ जीबीची चिप असते आणि तिच्यावरचा प्रोग्राम (फर्मवेअर) कॉम्प्युटरला २ टीबी आहे असं सांगतं. खरी जागा भरली की पुढच्या फाइलींची नुसती नावं दिसत राहतात, किंवा नवी फाइल जुनीवरच लिहिली जाते. कॉपी करताना तक्रार येत नाही, उघडताना कळतं. एचटूटेस्टडब्ल्यू हे छोटं मोफत सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. नवीन घेतलेला प्रत्येक पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड त्यातून काढा.

आता दुकानदाराच्या मुद्द्याकडे. तो खोटं बोलत नाहीये. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर, एक-दोन अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. तुमचा सातव्या पिढीचा म्हणजे एका पायरीने बाहेर. घरगुती ग्राहकांना सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे आणि त्यांच्या खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला तर त्याला पैसे पडत नाहीत. जुगाड करून विंडोज ११ घालून देणारेही भेटतील. ते चालतं, पण पुढचा मोठा अपडेट येईल की नाही याची हमी कुणी देत नाही. ज्या मशीनवर दुसऱ्यांचे जीएसटीचे हिशेब आहेत, तिथे मी ते करणार नाही.

म्हणून कामांची वाटणी करा. जुना लॅपटॉप एसएसडी घालून वडिलांना द्या. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका. दिसायला विंडोजच्या जवळचं आहे, फुकट आहे, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. वर्ड-एक्सेलसारखं लिब्रे ऑफिस त्यात आधीच असतं.

टॅलीला मात्र विंडोजच हवं, आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकनही विंडोजवरच कमी त्रासात चालतं. त्यासाठी कंपन्यांमधून निघालेले छोटे डेस्कटॉप बघा, पुस्तकाएवढ्या डब्यातले, आठव्या पिढीच्या पुढचे. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, एचपीचे एलिटडेस्क मिनी. हे तीन-चार वर्षं एसी ऑफिसात चाललेले असतात, उघडायला सोपे असतात, आणि तशाच कामाच्या नव्या मशीनपेक्षा खूपच स्वस्त पडतात. घेताना क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कची तब्येत बघा, लिहिलेल्या डेटाचा आकडा बघा, आणि विंडोजचं लायसन्स खरं आहे ना याची खात्री करा. हिशेब लिहिणारा माणूस दिवसभर एका जागी बसून काम करतो, त्याला लॅपटॉपच्या आखूड कीबोर्डवर आणि मान खाली घालून का बसवायचं? त्याच पैशांत २४ इंची मॉनिटर आणि नंबर पॅड असलेला पूर्ण कीबोर्ड येतो. जमलं तर टीव्हीएस गोल्ड घ्या. आवाज करतो, पण प्रत्येक बटण वेगळं दाबल्याचं बोटाला कळतं. आपल्याकडचे डीटीपीवाले आणि अकाउंटंट तो वर्षानुवर्षं उगाच वापरत नाहीत.

या डेस्कटॉपला यूपीएस लागेल. ६०० व्हीएचा पुरेल, त्यातली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायची हे गृहीत धरा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, त्याचा फ्यूजर तापताना इतकी वीज ओढतो की यूपीएस ट्रिप होतो. त्याआधी अर्थिंग तपासून घ्या. लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावर त्याच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार पेठांमधल्या जुन्या घरांतून फार येते. लोक लॅपटॉपला दोष देतात. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून अगदी बारीक करंट अर्थला जायचा असतो, अर्थ नसली की तो बॉडीवर राहतो. वायरमनला मीटर घेऊन बोलवा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्हीकडे २३० च्या आसपास दिसायला हवेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे जमत नसेल तर महागडं कुठलंही मशीन त्या बोर्डावर लावू नये.

वडिलांच्या मराठी लेखनाकडे मला जरा जास्त वेळ द्यावासा वाटतो, कारण हे काम घरोघरी दुर्लक्षित राहतं. त्यांचे जुने लेख डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा तशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेले असतील, तर त्या फाइलीत खरं पाहता देवनागरी अक्षरं नाहीतच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं आहेत, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की कचरा दिसतो, आणि शोध घेतला तर एकही शब्द सापडत नाही. तो फॉन्ट आणि ते मशीन हाताशी आहे तोवर सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनला कळणाऱ्या खऱ्या देवनागरी अक्षरांत, बदलून घ्या. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरांत चुका करतात. बदललेलं प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागतं. वडिलांनाच ते करू द्या, शिक्षक आहेत, त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

नवीन लेखनासाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कीबोर्ड मांडणी शिकावी असा माझा आग्रह आहे. इंग्रजी स्पेलिंगवरून मराठी उमटवणारी पद्धत पहिल्या दिवशी सोपी वाटते, पण माणूस आयुष्यभर मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग मनात करत राहतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ‘के’च्या बटणावर क, शिफ्टबरोबर ख. ‘आय’वर ग, शिफ्टबरोबर घ. ‘एल’वर त आणि थ, ‘ओ’वर द आणि ध. वर्णमाला पाठ असलेल्या शिक्षकाला ही मांडणी लगेच पटते. हलन्त ‘डी’वर. आणि ज्यावरून इंटरनेटभर मराठीचे हाल चाललेत तो दुसऱ्या, तऱ्हा, सुऱ्या यांतला अर्धा र: शिफ्ट आणि ‘जे’, मग ‘डी’, मग पुढचं अक्षर. साध्या ‘जे’ने सूर्यातला रफार येतो, शिफ्टच्या ‘जे’ने दुसऱ्यातला. एवढं कळलं की ‘दुसर्या’ असं लिहावं लागत नाही. ळ ‘एन’वर शिफ्टने. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये आणि विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की ही मांडणी मिळते, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. हात थकले की मोबाइलवर जीबोर्डला बोलून दाखवावं, तो मराठी बरंच चांगलं ऐकतो, आणि मग कीबोर्डवर दुरुस्त करावं.

मुलीसाठी आत्ता काही घेऊ नका. पहिल्या वर्षाचं काम घरातल्या डेस्कटॉपवर होईल. दुसऱ्या वर्षी सॉलिड मॉडेलिंग सुरू झालं की कॉलेज कुठलं सॉफ्टवेअर शिकवतंय ते विचारा आणि त्याप्रमाणे उरलेल्या पैशांत लॅपटॉप घ्या. १६ जीबी रॅम, आणि स्क्रीन किमान ३०० निट्सची (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप). स्वस्त लॅपटॉपमध्ये प्रोसेसर दाखवून स्क्रीन २५० निट्सची फिकट देतात, आणि तीच पुढची चार वर्षं डोळ्यांसमोर असते. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड मोफत देतं, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. क्रॅक केलेलं अजिबात नको. उद्यमनगरात किंवा शिरोली, गोकुळ शिरगावला पुढे नोकरीला लागली तर तिच्या हातात कंपनीची ड्रॉइंग असतील, आत्तापासूनच सवय चांगली लागू दे. फ्रीकॅड हे डिझाइनचं मोफत सॉफ्टवेअरही तिला दाखवा. २०२४ साली त्याची १.० आवृत्ती आली आणि तेव्हापासून मी ते शिकणाऱ्यांना मोकळ्या मनाने सुचवतो.

अँटीव्हायरस विकत घेऊ नका, विंडोजमधला डिफेंडर पुरतो. त्यापेक्षा फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाका. फसव्या जाहिराती आणि डाउनलोडची खोटी बटणं दिसतच नाहीत, आणि घरातल्या ज्येष्ठांची फसवणूक बहुतेक तिथूनच सुरू होते. क्रोममध्ये ते आता चालत नाही. वीजबिल थकलंय, बँकेचं केवायसी राहिलंय असं सांगून कुणी एनीडेस्क (दुरून तुमच्या स्क्रीनचा ताबा देणारं अ‍ॅप) किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली एपीके फाइल टाकायला लावली तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, पहिल्या तासाला फार किंमत असते. बाकी व्हीएलसी, सेव्हन-झिप, सुमात्रा पीडीएफ आणि फाइली शोधायला एव्हरीथिंग, एवढी मोफत सॉफ्टवेअर बहुतेक घरांना पुरतात.

प्रिंटरचं उत्तर तुम्ही किती छापता यावर आहे. रोज छापत असाल तर इंक टँक. आठवड्याला चार पानं असतील तर साधा काळा-पांढरा लेझर, कारण इंक टँक न वापरता पडून राहिला की हेड वाळतं आणि दुरुस्तीचा खर्च प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जातो. तुमच्या घरी बिलं आणि रिटर्नच्या प्रती निघणार, लेझरच घ्या. पावसाळ्यात ट्रेमध्ये कागद ठेवून देऊ नका. सादळला की गुंडाळी होते आणि जॅम होतो, मग लोक रोलर बदलून घेतात. रिम बंद पिशवीत ठेवा आणि लागतील तेवढेच काढा.

नवा डेस्कटॉप आला की टॅली टाकायच्या आधी सेटिंगमध्ये एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर ४८ अंकी की कागदावर छापून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा, आणि तिचीही एक प्रत बॅकअपसारखी पूररेषेबाहेर. लॅपटॉपच्या तळाच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर मला कळवा. त्यात रॅमचा एक स्लॉट आहे की दोन, आणि एक कांडी मदरबोर्डवरच डाग दिलेली आहे का, ते बघून कुठली रॅम घ्यायची ते सांगतो.